धुरक्यावरचं झाकण: डोंगरालगतच्या वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न ठाणे शहर, घोडबंदर रस्ता, कळवा, मुंब्रा आणि खारघर इथल्या वाचकांचे आहेत. या सगळ्या वस्त्यांची ठेवण सारखीच आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कायम भरलेला रस्ता. त्यामुळे उत्तरंही एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिलं उत्तर सगळ्यांनीच वाचावं, पुढच्यांचा पाया तिथे आहे.

प्रश्न: डिसेंबरात सकाळी सात वाजता बाल्कनीतून येऊरचा डोंगर दिसत नाही. दुपारी दोनला त्यावरचं झाडन् झाड मोजता येतं. गाड्या तर दुपारीही असतातच. मग फरक कशाचा? आम्ही सत्ताविसाव्या मजल्यावर राहतो, म्हणजे निदान धुराच्या वर आहोत ना?
(कासारवडवली, ठाणे)

फरक गाड्यांचा कमी आणि धुराला मिळणाऱ्या जागेचा जास्त. एरवी जसजसं वर जावं तसतशी हवा थंड होते, सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी. खालची गरम हवा हलकी असल्याने वर जाते आणि धूर सोबत नेते. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री मात्र जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून झपाट्याने निवते. तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, वरची तुलनेने उबदार राहते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमान विपरीतता म्हणतात. जड हवा वर चढत नाही, म्हणून धूरही चढत नाही. जणू पातेल्यावर झाकण बसतं.

हे झाकण रात्री आणि पहाटे साधारण १०० ते ३०० मीटरांवर असतं. ऊन तापलं की नऊ-दहानंतर ते विरत जातं, आणि दुपारी धुराला वर पसरायला हजार-बाराशे मीटर मिळू शकतात. आता हिशेब करा. तितक्याच गाड्यांचा तितकाच धूर २०० मीटरांच्या खोलीत कोंडला आणि १,२०० मीटरांच्या खोलीत सोडला, तर पहिल्या खोलीत तो सहापट दाट. त्यात वारा धरा. पहाटे तो सेकंदाला जेमतेम १ मीटर असतो, दुपारी खारे वारे सुटले की ४ मीटर. सहा गुणिले चार, म्हणजे धूर वाहून नेण्याची हवेची ताकद दुपारी चोवीसपट. वाहनं दुपटीने वाढली-घटली तरी एवढा फरक पडत नाही. म्हणून सकाळी सातची शंभर वाहनं आणि दुपारी दोनची शंभर वाहनं फुप्फुसांच्या दृष्टीने सारखी नाहीत, हे आम्हाला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

डोंगराचं काम इथे तीन तऱ्हेचं आहे. पहिलं, तो वारा अडवतो. ठाणे आणि समुद्र यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाची रांग आहे, त्यामुळे खारा वारा इथे उशिरा आणि दमून पोचतो. हिवाळ्यात जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे जोर धरतात, तेव्हा तर त्याला दुपार उलटते. दुसरं, रात्री उतारावरची गार हवा खाली घरंगळते आणि सखल भागात साचते. तिसरं सहसा कोणी लक्षात घेत नाही, ते म्हणजे सावली. येऊर घोडबंदर रस्त्याच्या पश्चिमेला आहे. संध्याकाळी ऊन डोंगराआड लवकर जातं, पायथ्याची जमीन लवकर निवते आणि झाकण लवकर बसतं, नेमकं कचेऱ्या सुटायच्या वेळी. खाडीपलीकडे ऐरोली-घणसोलीला याच्या उलट. तिथे पारसिकचा डोंगर पूर्वेला, म्हणून सकाळचं ऊन उशिरा येतं आणि झाकण उशिरा निघतं.

आता सत्ताविसावा मजला. मजल्याला ३ मीटर धरले तर तुम्ही ८१ मीटरांवर आहात, म्हणजे बहुतेक पहाटे झाकणाच्या आतच. रस्त्यावरची जाड धूळ आणि नळकांड्यातून नुकताच निघालेला धूर पहिल्या चार-पाच मजल्यांना सर्वांत जास्त लागतो, तेवढा फायदा तुम्हाला नक्की आहे. पण अडीच मायक्रॉनहून लहान कण, म्हणजे पीएम २.५, थरात बऱ्यापैकी सारखे मिसळलेले असतात. तपासायचं असेल तर सूर्योदयाच्या सुमारास खाली कुठे चूल किंवा शेकोटी पेटलेली दिसते का पाहा. तिचा धूर सरळ वर येतो, एका उंचीला अडखळतो आणि पोळीसारखा आडवा पसरतो. ती उंची म्हणजे झाकण. ते तुमच्या बाल्कनीच्या खाली असेल, तर त्या दिवशी तुम्ही वर. गाडीच्या काचांवर दव आणि झाडाचं पान हलत नाही, ही त्याच सकाळची दुसरी खूण.

प्रश्न: जानेवारीत काठमांडूला गेलो होतो. चार दिवसांत हिमालय एकदाही दिसला नाही, घसा मात्र धरला. ठाणंही डोंगरांच्या कुशीतच आहे. आपलं काठमांडू होईल का?
(पाचपाखाडी, ठाणे)

काठमांडू ही वाटी आहे. तळ सुमारे १,३०० ते १,४०० मीटरांवर आणि चहूबाजूंना डोंगर. हिवाळ्यात झाकण डोंगरांच्या माथ्याखालीच बसतं, म्हणजे वाटी बंद. सकाळी आणि संध्याकाळी वाहनांचा धूर, कोरड्या महिन्यांत खोऱ्यातल्या वीटभट्ट्या, रस्त्यांची धूळ, सगळं आतच फिरतं. दुपारी पश्चिमेकडच्या खिंडींतून वारा शिरतो तेव्हा काही तास मोकळे मिळतात. म्हणून तिथे दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, प्रदूषणाचा डोंगर चढतो आणि दुपारी उतरतो.

उंचावरच्या शहरांना आणखी एक अडचण असते, ती आपल्याला नाही. मेक्सिको सिटी २,२४० मीटरांवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक घोटात ऑक्सिजन सुमारे पाव हिश्शाने कमी. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच येतं. ते अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड व न जळलेलं इंधन बाहेर पडतं. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरवरून मिश्रण सुधारून घेतात. तिथल्या सरकारने १९८९ मध्ये नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवायचा नियम केला. अनेकांनी वेगळ्या नंबरची दुसरी, बहुतेकदा जुनी गाडी घेतली आणि नियमाचा जोर गेला. सम-विषमची मागणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बोलिव्हियातल्या ला पाझने २०१४ पासून चढाच्या रस्त्यांवरून माणसं उचलून केबलकारमध्ये बसवली. आम्हाला तो मार्ग जास्त खरा वाटतो, कारण त्यात चढावरची वाहनंच कमी होतात.

ठाण्याची वाटी एका बाजूने फुटलेली आहे. खाडी आहे, दुपारचा वारा आहे, आणि जून ते सप्टेंबर पाऊस हवा धुऊन काढतो. त्यामुळे काठमांडूइतकं सलग कोंडणं इथे नाही. पण थंडीतल्या रात्रीचे दहा-बारा तास गणित तेच असतं.

प्रश्न: आमचं घर मुंब्रा बायपासजवळ आहे. रात्री अकरानंतर मोटारी कमी होतात, तरी धूर तेव्हाच जास्त का जाणवतो? गायमुख घाटाजवळ राहणारे नातेवाईकही हेच सांगतात.
(मुंब्रा)

दिवसा अवजड वाहनांना बंदीच्या वेळा असतात. रात्री त्या संपल्या की बंदराकडून गुजरात-नाशिककडे जाणारे कंटेनर एकदम सुटतात, आणि तोवर झाकण घट्ट बसलेलं असतं. सर्वांत जास्त धूर सोडणारी वाहनं सर्वांत कमी जागा असलेल्या वेळी.

चढ किती फरक करतो ते आकड्यांत पाहा. ३० टनांचा ट्रक ताशी २० किलोमीटरने सपाट रस्त्यावर चालला तर चाकांचं घर्षण मोडायला सुमारे ११ किलोवॅट लागतात. समजा, दर २० मीटरला १ मीटर असा चढ आला. आता ते वजन वर उचलायला आणखी ८२ किलोवॅट. म्हणजे एकूण ९३, सपाटीच्या आठपटींहून जास्त. तितकं डिझेल जास्त आणि तितके नायट्रोजनचे ऑक्साइड जास्त. त्यात खड्ड्यामुळे किंवा बंद पडलेल्या वाहनामुळे चढावर थांबून पुन्हा उचलायची वेळ आली, की काळ्या धुराचा लोट निघतो. कारण पायाखाली डिझेल लगेच वाढतं, पण टर्बो फिरून पुरेशी हवा यायला क्षणभर उशीर होतो. त्या क्षणाची काजळी नळकांड्यातून बाहेर येते. म्हणून घाटातला खड्डा सपाटीवरच्या खड्ड्यापेक्षा फार महाग पडतो. तो बुजवणं हा हवेवरचा उपाय आहे आणि पालिकेने तो तसाच मोजायला हवा. उतारावर वेगळीच तऱ्हा. तिथे इंजिन शांत, पण ब्रेक आणि टायर झिजून बारीक धूळ उडते, जी विजेच्या गाड्याही काही प्रमाणात उडवतात.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकांत नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला युरियाचं द्रावण फवारतात. ही यंत्रणा धूर साधारण २०० अंशांच्या वर तापलेला असेल तरच नीट चालते. कोंडीत रांगणाऱ्या ट्रकचा धूर गार पडतो आणि नवा ट्रकही जुन्यासारखा वागू लागतो. रस्ता वाहता ठेवणं हे नव्या इंजिनाइतकंच महत्त्वाचं आहे ते यासाठी.

आमचं मत स्पष्ट आहे. डिसेंबर-जानेवारीत, वारा पडलेला असेल त्या दिवसांत, डंपर, काँक्रीट मिक्सर आणि रिकामे कंटेनर यांतल्या काहींना दुपारी एक ते चारची वेळ द्यावी. दुपारची कोंडी थोडी वाढेल. पण तेव्हाचा धूर उडून जाण्याची शक्यता असते, रात्रीचा लोकांच्या झोपण्याच्या खोल्यांत शिरतो.

प्रश्न: ॲपवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक १०६, ‘मध्यम’. आणि सकाळी श्वास घेताना छाती भरून येते. आकडा खोटा का?
(कळवा)

खोटा नाही, सरासरी आहे. आपला निर्देशांक पीएम २.५ साठी २४ तासांची सरासरी घेतो. समजा, पहाटे पाच ते नऊ असे ४ तास पीएम २.५ घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम होता आणि उरलेले २० तास ४५. बेरीज १,५००, भागिले २४, म्हणजे ६२.५. त्याचा निर्देशांक येतो साधारण १०६. पण तुम्ही फिरायला गेलात तेव्हा १५० होता, आणि दिवसभर १५० राहिला असता तर तोच निर्देशांक ३०० च्या वर, ‘अतिवाईट’ मध्ये गेला असता. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर नुसता रंग पाहून थांबू नका. केंद्रावर बोट ठेवून पीएम २.५ चे तासाचे आकडे पाहा. आपलं २४ तासांचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५.

घरी छोटा सेन्सर घेणार असाल तर एक धोका. तो कणांवरून परतणारा प्रकाश मोजतो. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो. पहाटेच्या धुक्यात आणि पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका. स्वयंपाकघर, उदबत्ती आणि एसीचा झोत यांपासून लांब, दीड-दोन मीटर उंचीवर ठेवा. त्याचा खरा उपयोग तुलनेला. कोणत्या खिडकीतून जास्त येतं, किती वाजता उतरतं, हे तो चांगलं सांगतो.

प्रश्न: मुलगी सकाळी पावणेसातला हमरस्त्यावर शाळेच्या बसची वाट पाहते. वेळ बदलणं हातात नाही. घरात आणि बाहेर काय करता येईल?
(मानपाडा, ठाणे)

थांबण्याची जागा बदला. गाड्यांचा ताजा धूर रस्त्याच्या कडेला सर्वांत दाट असतो आणि पहिल्या काही मीटरांतच झपाट्याने विरळ होतो. फूटपाथच्या कडेऐवजी सोसायटीच्या फाटकाच्या १०-१५ मीटर आत उभं राहायचं आणि बस दिसली की निघायचं. लहान मुलांचं नाक जमिनीपासून मीटरभर उंचीवर, म्हणजे नळकांड्याच्या जवळ असतं, म्हणून हे मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त लागू आहे. थांबलेल्या बसचं इंजिन बंद करायला चालकदादांना जरूर सांगा. पालकांनी मिळून सांगितलं तर ऐकतात. मास्क द्यायचाच तर एन-९५, आणि तो चेहऱ्याला घट्ट बसणारा. कापडी मास्कने हे कण अडत नाहीत.

घरात, हिवाळ्यात रस्त्याकडच्या खिडक्या रात्री नऊ ते सकाळी नऊ लावून घ्या, दुपारी एक ते पाच सताड उघडा. डोंगराच्या बाजूची खिडकी रात्री किलकिली ठेवायला हरकत नाही. जंगलावरून घरंगळणारी हवा वर कोणी कचरा जाळत नसेल तर स्वच्छच असते. पण बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली झरोक्याची जागा कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो.

एअर प्युरिफायर घेताना खोली मोजा. १२ बाय १० फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३२ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी म्हणून ३२ गुणिले ५, म्हणजे १६० घनमीटर प्रतितास इतका सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) हवा. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. तो नसेल तर ते यंत्र घेऊ नका.

प्रश्न: माझी बीएस-६ डिझेल गाडी रोज माजिवडा ते ऐरोली एवढीच जाते. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. मेकॅनिक म्हणतो, फिल्टर काढून टाकू.
(माजिवडा, ठाणे)

काढू देऊ नका. डीपीएफ ही काजळी धरणारी जाळी आहे. ती भरली की सुमारे ६०० अंशांना आतली काजळी जाळून मोकळी होते. कोंडीतल्या लहान फेऱ्यांत तेवढी उष्णता तयारच होत नाही, म्हणून दिवा लागतो. दिवा पिवळा आणि स्थिर असेपर्यंत मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं ताशी ६०च्या आसपास, एक गिअर खाली ठेवून चालवा. मध्येच बंद करू नका. पाम बीच रस्ता रविवारी सकाळी यासाठी सोयीचा. दिवा लुकलुकू लागला किंवा इंजिनाची ताकद उतरली तर मात्र सर्व्हिस सेंटर. जाळी काढलेली गाडी काजळीच्या बाबतीत जुन्या गाडीसारखी होते, आणि पीयूसीच्या चाचणीत डिझेल गाडीच्या फक्त धुराचा दाटपणा पाहतात. पीएम २.५ किंवा नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजले जात नाहीत. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे गाडी स्वच्छ, असं समजू नका.

आणि घाट उतरताना न्यूट्रलमध्ये टाकू नका. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर आजच्या इंजिनात इंधन पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये ते चालू राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

प्रश्न: खारघरला रात्री दोन-तीनच्या सुमारास रसायनासारखा वास येतो. हा गाड्यांचा असेल का?
(खारघर, नवी मुंबई)

गाड्यांचा वास असा ठरावीक वेळी येऊन जात नाही. रात्री वारा पडल्यावर डोंगराच्या पायथ्याशी गार हवेचा थर साचतो आणि दूरचा वासही त्यात विरळ न होता सरकत येतो. नोंद ठेवा: तारीख, वेळ, किती मिनिटं टिकला, कसा होता (सडक्या अंड्यासारखा, आंबट, सॉल्व्हंटसारखा), आणि गच्चीवर उदबत्ती धरून धूर कुठे जातो ती दिशा. धूर नैर्ऋत्येला जात असेल तर वास ईशान्येकडून आलेला. वेगवेगळ्या इमारतींतल्या चार-पाच जणांची पंधरा दिवसांची नोंद एकत्र करून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या. नुसत्या ‘वास येतो’ या तक्रारीपेक्षा तिच्यावर तपास करणं सोपं जातं.

प्रश्न: सकाळी साडेपाचला उपवनहून येऊरच्या चढावर चालतो. दमा आहे. वेळ बदलू का? दुपारी जंगलात हवा सर्वांत चांगली असेल ना?
(उपवन, ठाणे)

डिसेंबर ते फेब्रुवारी साडेआठ-नऊनंतर निघा, किंवा जमल्यास संध्याकाळी चार ते साडेपाच. पहाटेची गार कोरडी हवा दम्याला तशीही सोसत नाही, आणि चढावर तुम्ही बसलेल्या माणसाच्या कित्येक पट हवा आत घेता. जाताना पायथ्याचा रस्ता पटकन मागे टाका, खरा वेग वर पोचल्यावर धरा.

मार्च ते मे मात्र हिशेब उलटतो. झाकण लवकर निघतं, कण विरळ होतात, पण कडक उन्हात नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पेट्रोलच्या वाफा यांपासून ओझोन तयार होतो. रस्त्यालगत तो कमी असतो, कारण गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. शहरापासून वाऱ्याच्या दिशेने पुढे, झाडीत आणि उतारांवर तो उरतो. म्हणजे एप्रिलच्या दुपारी हिरव्या चढावर ओझोन तीन हात नाक्यापेक्षाही जास्त असू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, एन-९५ मधून आरपार जातो आणि दम्याच्या माणसाला आधी बोचतो. त्या महिन्यांत सकाळी सात-आठपर्यंत परत या, आणि इनहेलर कपाटात न ठेवता खिशात ठेवा.